क्रूझवरून पोर्टला उतरायचं, पण पायाचा त्रास आहे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दारव्हा, दिग्रस, पुसद भागातून आता बरीच लोकं क्रूझला जाऊन राहिली. पोरगा पुण्यात नाहीतर सिंगापूरला राहते, आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली की तिकीट काढून देते, रिटायर झालेले गुरुजी लोकं ग्रुप करून निघतात. जहाजाच्या आत फारसं अडत नाही, लिफ्ट राहते, बहुतेक सगळं सपाट राहते. अडते ते जहाज पोर्टला थांबल्यावर, खाली उतरून गाव पाहायला जायचं असते आणि घरच्या एकाचे गुडघे, कंबर नाहीतर लकव्यानं गेलेला पाय साथ देत नाही तेव्हा. माझ्या बाबांना लकवा मारल्यापासून मी या गोष्टी खोदून खोदून विचारत आलो, म्हणून ओळखीपाळखीतले सगळे मलाच फोन करतात. त्यांचे प्रश्न जमेल तितके त्यांच्याच शब्दात ठेवले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. बुकिंगवाल्याला "जमेल का हो?" असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम "हो जमेल" असंच येते. पायऱ्या किती, चालायचं किती, चढ आहे का, कशात बसायचं, संडास कुठं, हे विचारा आणि उत्तर आकड्यात घ्या, लेखी घ्या.

शोअर एक्सकर्शन म्हणजे नेमकं काय?

जहाज एखाद्या गावाला सात-आठ तास थांबते, तेवढ्या वेळात खाली उतरून जे पाहायचं ती सैर. कंपनीकडून विकत घेता येते, नाहीतर आपली आपण करता येते. तिकिटात ती बहुतेक वेळा धरलेली नसते, पैसे वेगळे लागतात.

जहाज गावाला लागलं म्हणजे सरळ उतरता येते ना?

नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. काही पोर्टला जहाज धक्क्याला लागते, तिथं गँगवे टाकतात, म्हणजे उताराचा पूल, त्यावरून व्हीलचेअर ढकलत नेता येते. काही ठिकाणी धक्का नसते किंवा पाणी उथळ राहते, तिथं जहाज बाहेर समुद्रात नांगर टाकून उभं राहते आणि छोट्या बोटीनं लोकांना किनाऱ्यावर नेतात, तिला टेंडर बोट म्हणतात. जहाजातून टेंडरमध्ये जाताना दोन्ही हलत असतात, मधे फट राहते, एक-दोन पायऱ्या राहतात, आणि माणसाला स्वतःचं पाऊल स्वतः टाकता आलं पाहिजे असा बऱ्याच कंपन्यांचा नियम आहे. बॅटरीची व्हीलचेअर, किंवा चालता न येणाऱ्यांची बॅटरीवरची छोटी स्कूटर, टेंडरवर बहुतेक घेतच नाहीत. मोजक्या जहाजांवर टेंडरसाठी खास लिफ्ट आहे, पण तिथंही समुद्र खवळलेला असला तर कॅप्टन नाही म्हणतो आणि त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही.

म्हणून जहाजाचा रूट हाती आला की प्रत्येक गावापुढे "धक्का" का "टेंडर" हे कंपनीला विचारून पेनानं लिहून घ्या. चार गावांपैकी तीन टेंडरवाली असली तर रूटच बदला, माझं तरी हेच म्हणणं आहे, कारण एवढे पैसे भरून आईनं खिडकीतून गाव पाहावं हे बरं नाही.

आणि धक्क्यालाही एक गोष्ट राहते, भरती-ओहोटी. आपल्याकडे समुद्र नाही म्हणून हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पाणी चढलं की जहाज वर जाते, उतरलं की खाली येते, आणि त्यासोबत गँगवेचा उतार बदलतो. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढते, यावरून अंदाज घ्या. सकाळी सोपा वाटलेला पूल दुपारी उभा झालेला राहू शकतो. उतरताना तिथल्या क्रूला विचारा की चढ कोणत्या वेळी कमी राहील, त्यांना बरोबर माहीत राहते.

"चार पोट्टे सोबत नेतो, बाबाले उचलून घेतीन ना?"

आपल्याकडे लग्नात, दवाखान्यात, देवळात हेच करतात, प्रेमानं करतात, त्यामुळे प्रश्न समजतो. पण हलत्या बोटीत माणूस उचलणं धोक्याचं आहे, उचलणाऱ्याचाही पाय घसरू शकतो, आणि क्रूचे लोक माणसाला उचलत नाहीत, त्यांना तशी परवानगीच नसते. दुसरं, बाबांना विचारलं का? माझ्या बाबांना उचललेलं अजिबात आवडत नाही, ते म्हणतात मले ओझं करू नका. उचलल्याशिवाय होतच नाही अशी सैर असली तर ती सोडा, दुसरी पाहा.

ब्रोशरमध्ये व्हीलचेअरचं चित्र आहे, मग तर झालं ना?

त्या चित्राचा अर्थ बऱ्याचदा एवढाच राहते की तुमची व्हीलचेअर घडी होत असली आणि तुम्ही बसच्या पायऱ्या स्वतः चढू शकत असले तर या. म्हणजे चेअर डिक्कीत जाते आणि तुम्ही सीटवर. ज्याला उभंच राहता येत नाही त्याला लिफ्टवाली किंवा रॅम्पवाली गाडी लागते आणि ती वेगळी मागावी लागते, कधी कधी वेगळे पैसे पडतात, कधी त्या गावात अशी एकच गाडी राहते आणि ती आधी विचारणाऱ्याला जाते.

सैरीपुढे सोपी, मध्यम, अवघड असंही लिहिलेलं राहते. हे तब्येतीनं धडधाकट माणसाच्या हिशोबानं ठरवलेलं असते. "सोपी" सैर म्हणजे दगडी फरशीवर एक-दीड किलोमीटर चालणं असू शकते. जुन्या गावांमध्ये रस्त्यात गोटे बसवलेले राहतात, त्यावर व्हीलचेअरची पुढची लहान चाकं अडकतात, काठीचं टोक घसरते, आणि कंबरेला एवढे हिसके बसतात की संध्याकाळी झोपणं मुश्कील. "फोटो स्टॉप" असं लिहिलं असलं तर किती वेळा उतरायचं आणि किती वेळा चढायचं हे विचारा, पाच वेळा बसमधून चढउतार करणं गुडघ्याला एका लांब चालण्याइतकंच भारी पडते.

आईला व्हीलचेअर लागत नाही, फक्त गुडघे दुखतात. तिच्यासाठी सांगायची गरज आहे का?

आहे, आणि सगळ्यात जास्त फसगत याच लोकांची होते. फॉर्ममध्ये "काही त्रास नाही" लिहितात, कारण आई घरात चालते, वावरात जाते, कोणाला सांगायची लाज वाटते. मग तिथं गाईड झेंडा घेऊन पुढे निघून जातो, ग्रुप त्याच्या मागं, आणि आई मागं एकटी दम खात उभी.

निघायच्या महिनाभर आधी घरीच पाहून घ्या. एसटीची पायरी दांडा धरून चढता येते का, न बसता किती मिनिटं उभं राहता येते, न थांबता किती चालता येते, उतारावर भीती वाटते का. टूरची मोठी बस चढायला एसटीसारखीच उंच राहते, म्हणून हे माप चांगलं आहे. एकदा शेगावला जाऊन या, तिथं व्हीलचेअर मिळते, सेवेकरी मदत करतात, दर्शनाच्या निमित्तानं आईला व्हीलचेअरवर बसायची सवय होते आणि संकोच जातो. क्रूझवर पहिल्यांदा बसवायला गेले तर ती नाहीच म्हणते, आणि दोन दिवस त्याच वादात जातात.

जहाजावरची व्हीलचेअर घेऊन खाली गेलो तर?

ती बहुतेक जहाजांवर चढण्या-उतरण्यापुरती आणि इमर्जन्सीसाठी राहते, बाहेर नेऊ देत नाहीत. आपली घडी होणारी घेऊन जा. वजनाला हलकी पाहा, टायर भरीव असले तर पंक्चरची कटकट नाही. आणि रुंदी टेपनं मोजा, कारण साध्या केबिनचं दार बऱ्याच जहाजांवर २२-२३ इंचाचंच राहते आणि आपली दवाखान्यातली चेअर त्यातून जात नाही. व्हीलचेअरवाल्यांसाठी बनवलेल्या ॲक्सेसिबल केबिनचं दार साधारण ३२ इंचाचं राहते, आतलं बाथरूमही मोठं, पण अशा केबिन थोड्या असतात, त्या आधी संपतात.

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर बाबांना काय काय पाहता येईल?

मुंबईत वेळ असला तर गेटवे, फोर्ट, मरीन ड्राइव्ह हे गाडीतून आणि व्हीलचेअरवरून होते. एलिफंटा मात्र नीट विचार करून. गेटवेवरून लाँचमध्ये चढणंच अवघड आहे, लाँच हलते, पायऱ्या ओल्या राहतात, तासाभराचा प्रवास, आणि बेटावर गेल्यावर लेण्यांपर्यंत शंभरच्या वर पायऱ्या. डोली मिळते, माहूरला मिळते तशी, पण लाँचचं काय ते आधी ठरवा. सोमवारी लेणी बंद राहतात.

गोव्यात जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागते, त्यामुळे उतरणं सोपं. जुन्या गोव्यातल्या मोठ्या चर्चचा परिसर सपाट आहे, गाडी जवळ जाते, तिथं आरामात वेळ जातो. आग्वादसारख्या किल्ल्यावर चढउतार आहे. बीचवर साधी व्हीलचेअर वाळूत रुतते, दोन माणसं ढकलून थकतात, त्यापेक्षा पक्क्या रस्त्याला लागून असलेलं एखादं हॉटेल पाहून तिथून समुद्र पाहा.

कोची मला सगळ्यात आवडते, या लोकांसाठी म्हणून सांगतो. तिथं २०२३ च्या एप्रिलमध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली, तिचा धक्का पाण्यावर तरंगणारा आहे, पाणी वरखाली झालं की धक्काही बोटीसोबत वरखाली होते, त्यामुळे व्हीलचेअर सरळ आत जाते, कोणी उचलायचं काम नाही. फोर्ट कोचीलाही तिचं टर्मिनल आहे. दारव्ह्याच्या माणसाला बोटीत बसायचं सुख कोणाच्या खांद्यावर न जाता मिळते, यासाठी तरी कोची करा. फोर्ट कोचीची मासे धरायची चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्चचा भाग, ज्यू टाउनची गल्ली हे सपाट आहे. मट्टनचेरी पॅलेसमधलं पाहण्यासारखं वरच्या मजल्यावर आहे, तिथं जिना लागते.

लक्षद्वीपला मोठं जहाज बाहेरच थांबते आणि छोट्या बोटीनं जावं लागते, पुढं वाळू. पाऊल टाकता येत नसलं तर ते बेट डोळ्यांनीच पाहायचं असं धरून चला.

चेन्नईहून जायचं असलं तर मरीना बीचवर दिव्यांगांसाठी पाण्याच्या जवळपर्यंत लाकडी रस्ता आहे, २०२२ मध्ये झाला. ज्यानं आयुष्यात समुद्र जवळून पाहिला नाही त्याला तिथं नक्की घेऊन जा.

आणि बाहेरच्या देशात?

सिंगापूर डोळे झाकून सांगतो. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनला पायऱ्यांशिवाय जायचा रस्ता आहे, सगळ्या सिटी बसमध्ये व्हीलचेअर जाते, गार्डन्स बाय द बे मध्ये पूर्ण दिवस फिरता येते. तिथून निघणारं जहाज पेनांगला गेलं तर जॉर्ज टाउनच्या धक्क्यालाच लागते, पण तिथल्या केक लोक सी देवळाला भरपूर पायऱ्या आहेत. फुकेतला मोठी जहाजं बऱ्याचदा पटाँगच्या बाहेर उभी राहतात, म्हणजे टेंडर.

युरोपात सँटोरिनीचं नाव सगळे घेतात. तिथं आधी टेंडर, मग कड्यावर चढायला पाचशेच्या वर पायऱ्या नाहीतर केबल कार, केबल कारची रांग उन्हात, आणि वरच्या गल्ल्याही पायऱ्यांच्याच. आईबाबांसाठी मी ते गाव सुचवत नाही. त्यामानानं अथेन्सला जहाज पिरियसच्या धक्क्याला लागते आणि ॲक्रोपोलिसवर २०२० च्या डिसेंबरपासून नवीन लिफ्ट आहे. वारं जोराचं असलं की अशा लिफ्ट बंद ठेवतात, म्हणून त्याच दिवशी सकाळी विचारून निघा.

कंपनीची सैर घ्यावी का आपली टॅक्सी करावी?

कंपनीच्या सैरीला उशीर झाला तर जहाज थांबते, आपल्या टॅक्सीला उशीर झाला तर जहाज निघून जाऊ शकते, पासपोर्ट आणि गोळ्या केबिनमध्ये आणि आपण धक्क्यावर. हा फरक मोठा आहे. तरी मी टॅक्सीच्याच बाजूनं आहे, जिथं धक्क्यापासून जायचं ठिकाण तासाभराच्या आत आहे तिथं. टॅक्सीत पाय लांब करता येतात, थकले की परत फिरता येते, संडासाला पाहिजे तिथं थांबता येते, कोणाच्या झेंड्यामागं धावावं लागत नाही. फक्त जहाजाच्या वेळेच्या दोन तास आधी परत या, आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, गावची वेळ कधी कधी वेगळी राहते.

गावातून मुंबईच्या जहाजापर्यंतच कसं जायचं?

शकुंतला, म्हणजे आमच्याकडची जुनी छोटी रेल्वे, बंद पडल्यापासून आमच्याकडून बडनेरा, धामणगाव नाहीतर मूर्तिजापूर गाठावं लागते. विदर्भ एक्स्प्रेस या तिन्ही ठिकाणी थांबते आणि सीएसएमटीला सोडते. सीएसएमटी शेवटचं स्टेशन आहे, त्यामुळे तिथं पूल चढायचं काम नाही, फलाटावरून सरळ बाहेर, आणि जिथून जहाज निघते ते बॅलार्ड पिअर तिथून दोन किलोमीटरच्या आत आहे. आपल्या स्टेशनवर मात्र गाडी कोणत्या फलाटावर येते, लिफ्ट चालू आहे का, हे आदल्या दिवशी कोणाला पाठवून पाहा. व्हीलचेअरसाठी स्टेशन मास्तरला आधी भेटा. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एकालाही तेवढीच, पण रेल्वेचं सवलतीचं कार्ड आधी काढून ठेवावं लागते.

समृद्धीवरून स्वतःच्या गाडीनंही जाता येते, पण एका दमात नेऊ नका, लकव्याच्या माणसाचे पाय सुजतात. आणि जहाज निघायच्या दिवशी पोचायचा हट्ट तर करूच नका, एक रात्र आधी मुंबईत मुक्काम टाका, गाडी लेट झाली तर जहाज थांबत नाही.

नागपूरहून विमानानं गेलो तर बॅटरीची व्हीलचेअर घेतात का?

घेतात, पण ४८ तास आधी एअरलाइनला कळवा. लिथियम बॅटरी काढता येणारी असली तर ती ३०० वॅट-अवरपर्यंत चालते आणि ती हाताशी केबिनमध्ये ठेवावी लागते. बॅटरीवर आकडा छापलेला नसला तर विमानतळावर वाद होतो, म्हणून दुकानदाराकडून कागद घ्या. वर टेंडरचं सांगितलं ते लक्षात ठेवून एक साधी चेअर पण सोबत ठेवा.

पोराला सिकलसेल आहे, खुब्याचा त्रास आहे. नेऊ का?

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडून हा प्रश्न येतो आणि मुंबई-पुण्याच्या टूरवाल्यांना तो समजतच नाही. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाला रक्त कमी पडून सांधा खराब होतो, पोरगं तरणं दिसते पण चालताना लंगडते, आणि लोकं म्हणतात याला काय झालं, चालते की. अशा पोराला व्हीलचेअर मागायला संकोच करू देऊ नका.

उन्हात फिरणं, पाणी कमी पिणं, खूप थकवा आणि एकदम थंड पाण्यात उतरणं यानं दुखण्याचा झटका येऊ शकतो. म्हणजे सैर सकाळची, छोटी, सावलीची घ्या, पाण्याची बाटली सतत हातात, स्नॉर्कलिंगसारखं काही असलं तर आधी डॉक्टरला विचारा. विमान असलं तरी विचारा. नेहमीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, डॉक्टरचं इंग्रजीत लिहिलेलं पत्र ठेवा. जहाजावर दवाखाना राहते, पण सावंगी-सेवाग्रामसारखं हॉस्पिटल तिथं नाही. विमा काढताना आजार लपवू नका, लपवला तर क्लेम अडकते.

सैरीत संडासाचं काय?

हा प्रश्न बाया फोनवर शेवटी, हळू आवाजात विचारतात, आणि खरं तर तो सगळ्यात आधी विचारायला पाहिजे. बसमध्ये संडास असला तरी तो अरुंद आणि पायऱ्या उतरून राहते, गुडघ्यावाल्या माणसाच्या कामाचा नाही. वाटेत कुठं थांबणार, कमोड आहे का, दांडा आहे का, व्हीलचेअर आत वळते का, हे विचारून घ्या. उत्तर मिळत नसलं तर चार तासांच्या आतली सैर घ्या. संडासाच्या भीतीनं आई सकाळपासून पाणीच पीत नाही, हे मी घरोघरी पाहिलं, आणि मग उन्हात चक्कर येते. डायपर वापरायला लाज नाही, पण ती तिची मर्जी.

कायद्यानं आपल्याला काही हक्क आहे का?

भारतात दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे, सिकलसेलही त्यातच. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, काढून ठेवा, रांगेत, स्टेशनवर, सरकारी ठिकाणी कामाला येते. अमेरिकेत २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन या केसमध्ये सांगितलं की अमेरिकेच्या पाण्यात येणाऱ्या परदेशी झेंड्याच्या जहाजांनाही तिथला दिव्यांग कायदा लागू होतो. पण जहाजावरचा कायदा जहाजावरच, खाली उतरलं की त्या गावचा रस्ता आणि त्या गावची गाडी. म्हणून जहाज कितीही चांगलं असलं तरी खालचं वेगळं विचारावं लागते.

कंपनीला कधी कळवायचं?

बुकिंग करतानाच. स्पेशल नीड्सचा फॉर्म राहते, दोन महिने आधी भरला तर सगळ्यात बरं. त्यात व्हीलचेअरची रुंदी, वजन, घडी होते का, बॅटरी कोणती, माणूस किती पायऱ्या चढू शकतो, सगळं खरं खरं लिहा. गावच्या एजंटला तोंडी सांगितलेलं पुढं जात नाही, ईमेल पाठवा आणि उत्तराची प्रिंट सोबत ठेवा.

टेंडरच्या दिवशी आईला जहाजावरच ठेवलं तर वाईट दिसते का?

तिला विचारून ठेवलं तर काहीच वाईट नाही. सगळे उतरल्यावर जहाज रिकामं राहते, लिफ्टला गर्दी नाही, डेकवर पाहिजे ती जागा मिळते. फक्त एकटीला ठेवू नका, आळीपाळीनं एकेक जण थांबा, आणि दरवेळी सुनेलाच थांबवू नका.

तिथं गेल्यावर सांगितलं तसं नसलं तर काय करायचं?

बसला लिफ्ट सांगितली आणि आली साधी, तर चढूच नका, चढलात की सैर घेतली असं धरतात. तिथंच फोटो काढा, गाईडकडून दोन ओळी लिहून घ्या, त्याच दिवशी जहाजावरच्या एक्सकर्शन डेस्कला जाऊन लेखी तक्रार द्या आणि ईमेलची प्रिंट दाखवा. माझ्या ओळखीच्या एका काकूंना असेच पूर्ण पैसे परत मिळाले, कारण त्यांच्याजवळ कागद होता. घरी आल्यावर तक्रार केली तर महिने जातात, म्हणून जहाजावरून उतरायच्या आधीच पैसे परत आल्याची नोंद बिलात पाहून घ्या.